साडेनऊ लाखांचं घर, बंगई वेगळी

घराचं वजन किती असतं, हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत कधी पडला नव्हता. आयुष्यभर घरात राहिलो, पण उचलून बघावं असं मनात आलं नाही. आता विचाराल तर सांगतो: आमचं घर अकरा टनांचं आहे. भांडी आणि मी सोडून.

हे ज्ञान मला नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या एका कारखान्यात झालं. तिथे घरं तयार होतात. बांधत नाहीत, तयार करतात. एका टोकाला लोखंडी सांगाडा ठेवतात, तो पुढे पुढे सरकत जातो, कुणी त्याला भिंती लावतं, कुणी खिडक्या, कुणी संडास, आणि दुसऱ्या टोकाला चारशे चौरस फुटांचं घर कुलूपकिल्लीसह बाहेर पडतं. रंगाचा वास येत असतो आणि नळाला तोटी असते. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. उत्पादनाची साखळी हा धडा दरवर्षी घेतो, पण त्या साखळीतून स्वयंपाकघर बाहेर येताना पाहिलं तेव्हा मी विद्यार्थ्यासारखा तोंड उघडं टाकून उभा राहिलो. कंपनीच्या माणसानं मला हेल्मेट दिलं होतं. ते घालून स्वतःच्या मोरीत उभं राहण्याचा मान फार थोड्यांना मिळत असेल.

सुरुवात एका जाहिरातीनं झाली. 'फक्त साडेनऊ लाखांत तुमचं घर तुमच्या दारात!' घर दारात येणार म्हणजे ते दार कुठलं, यावर मी सकाळचा चहा थंड होईपर्यंत विचार करत बसलो. तेवढ्यात अरुंधतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, माझ्या हातातून कागद घेतला, दोनदा वाचला आणि दिवाणाकडे पाहून म्हणाली, "बंगई टांगता येईल."

हे समजायला दिवाणाखाली वाकावं लागतं. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेली एक सागवानी फळी आहे आणि पोत्यात पितळेच्या कड्यांचे साखळदंड आहेत. तिकडे पुण्यामुंबईला ज्याला झोपाळा म्हणतात, ती आमच्याकडे बंगई. माझे सासरे रुपरावजी काटोलजवळच्या खेड्यात संत्र्याची बाग करतात. लग्नात त्यांनी मुलीला कपाट, भांडी वगैरे दिलंच, पण खरं दिलं ते हे. स्वतःच्या शेतातला साग कापून फळी करवून घेतली होती. कपाट गंजलं, भांडी बदलली, बंगई दिवाणाखाली गेली ती गेलीच. कारण आम्ही नागपूरच्या नंदनवन वस्तीत भाड्यानं राहतो आणि आमचे घरमालक बाबाराव छताला भोक पाडू देत नाहीत.

"स्लॅबले भोक पडलं का पाणी धरते, वहिनी," असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते खालच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या डोक्यावर आम्ही आणि आमच्या डोक्यावर त्यांचा स्लॅब, अशी व्यवस्था आहे.

रुपरावजी दर दिवाळीला संत्र्यांची पेटी घेऊन यायचे. पाय धुवायच्या आधी छताकडे बघायचे आणि विचारायचे, "काय वं अरु, टांगली काय?"

"नाही बाबा. स्वतःच्या घरी टांगू."

"बरं." मग ते खुर्चीवर बसायचे. पाहुण्यासारखे.

गेल्या दिवाळीला जिना चढताना ते मध्येच थांबले, कठड्याला धरून उभे राहिले, आणि वर आल्यावर त्यांनी छताकडे पाहिलं, पण विचारलं मात्र नाही. अरुंधतीनं ते पाहिलं. त्यानंतरच उमरेड रोडवरच्या आमच्या प्लॉटची चर्चा घरात रोज होऊ लागली. ह्या प्लॉटवर तोवर फक्त बाभळी होत्या आणि 'विकणे नाही' असा बोर्ड होता, जो मी कुणी न विचारताच लावला होता.

तर, बंगई टांगता येईल, हे वाक्य तिनं मला सांगितलं. कंपनीला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. घराला छत असतं आणि छताला बंगई टांगतात, ही काय विचारायची गोष्ट झाली? हॉटेलात आपण 'भातात तांदूळ असतो ना?' असं विचारत नाही.

बाकी मात्र आम्ही सगळं विचारलं. कंपनीचा विक्री अधिकारी मुकुंद हा अत्यंत सभ्य तरुण होता. 'नाही' हा शब्द त्याला शिकवलेला नव्हता. त्याच्याकडे त्या जागी 'पॉसिबल आहे सर, चार्जेबल आहे' असं वाक्य होतं.

मी विचारलं, "साडेनऊ लाखांत सगळं आलं ना?"

"सगळं सर. एक्स-फॅक्टरी."

एक्स-फॅक्टरी म्हणजे काय, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. कारखान्याच्या फाटकापर्यंतची किंमत. त्या फाटकाचा आणि माझा काही संबंध नाही, हे लक्षात यायला मला फाटकातून बाहेर पडून नागपूरच्या वेशीवरच्या वाडी नाक्यापर्यंत यावं लागलं. तिथे एका गोदामासमोर गाडी थांबवून मी अरुंधतीला म्हणालो, "घर आपलं, पण ते कळमेश्वरला आहे. इकडे आणायचे पैसे वेगळे."

"आणि ठेवायचे?"

"ठेवायला ओटा लागेल. तो आपला आपण बांधायचा. उचलायला क्रेन लागेल. तिचे वेगळे."

"मग साडेनऊ लाखांत काय मिळतं?"

"कळमेश्वरचा पत्ता," मी म्हणालो.

बातमी बाबारावांना कळली. मी सांगितली नव्हती, पण ते पेपरवाल्याच्याही आधी उठतात. "सर," त्यांनी गेटपाशीच मला धरलं, "ऐकून राहिलो का तुम्ही डब्यात राहाले चालले?"

"डबा नाही हो. मॉड्युलर होम."

"मे महिन्यात पाह्यजा. आतमंधी तुम्ही, बाहेर ऊन. कुकरमंधी वरण असते तसे. अन् कूलरचं काय केलं?"

कूलरचं काही केलं नव्हतं. नागपुरात माणूस आधी कूलरची जागा ठरवतो, मग खिडकीची, मग घराची. मी ताबडतोब मुकुंदला फोन केला. त्यानं विचारलं, "सर, एसी नाही लावणार?" मी म्हणालो, वाळ्याच्या ताट्यांचा वास एसीला येत नाही. त्यानं तो मुद्दा लिहून घेतला असावा. दुसऱ्या दिवशी नवा अंदाज आला. त्यात 'कूलर विंडो प्रोव्हिजन' अशी ओळ होती आणि तिच्यासमोर जो आकडा होता, त्यात दोन कूलर आले असते. त्यातला एक मी बाबारावांना भेट दिला असता, म्हणजे ते गेटपाशी उभे राहिले नसते.

बाबाराव मात्र रोज उभे राहिले. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे काय? घर वाऱ्यानं उडालं तर? उंदीर पोखरेल काय? आणि प्रत्येक वेळी शेवटी: "म्हणजे आता कितीले पडलं, सर?" मी दर वेळी नवा आकडा सांगायचो. ते दर वेळी 'अरे बापा!' म्हणायचे. त्यांच्या आवाजात सहानुभूती असायची आणि चेहऱ्यावर क्रिकेटचा स्कोअर ऐकणाऱ्याचा आनंद.

आग्नेय दिशेबद्दल मात्र मुकुंदनं आम्हाला थक्क केलं. "सर, दिशा तुम्ही नंतरही ठरवू शकता. ठेवताना घर फिरवून ठेवू." मी त्या रात्री बराच वेळ या कल्पनेशी खेळलो. सूर्य उगवतो तिकडे आपण दार फिरवायचं. वास्तुशास्त्राचे एवढे ग्रंथ लिहिले गेले, पण त्यात क्रेन कुणाला सुचली नाही.

मग परवानगी. एका कार्यालयात, ज्याचं नाव सांगून मला पुन्हा तिथे जायचं नाही, खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "बांधकाम कधी सुरू करणार?"

"सुरू झालंय."

"परवानगीच्या आधी?" त्यांनी चष्मा काढला.

"इथे नाही हो. कळमेश्वरला सुरू आहे."

"मग कळमेश्वरले अर्ज करा."

"पण घर इथे राहणार."

"अन् बांधणार तिथे? मग इथे काय करणार?"

"ठेवणार."

"ठेवायची परवानगी आमच्याकडे नाही," बाई म्हणाल्या, आणि हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मी नंतर तपासलं. बांधण्याची होती, पाडण्याची होती, वाढवण्याची होती. ठेवण्याची नव्हती. शेवटी ओट्याला परवानगी मिळाली. सरकारदरबारी आजही मी उमरेड रोडवर एक ओटा बांधला आहे आणि त्यावर काय ठेवलं आहे ते माझं मला.

बँकेत तर फार लवकर आटोपलं. अधिकारी माझाच विद्यार्थी निघाला. त्यानं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "सर, हे घर जागचं हलतं काय?"

"एकदाच हलतं."

"मग सर, गृहकर्जात बसत नाही. न हलणारं पाहिजे." थोडा विचार करून तो म्हणाला, "अन् वाहनकर्जात बसवावं तर याला चाकं नाहीत." मी चहा पिऊन उठलो. भविष्य निर्वाह निधी ही गोष्ट अशा वेळेसाठीच असते, पण तिला निर्वाह का म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

घर तयार झाल्यावर ते पाहायला आम्ही दोघं कळमेश्वरला गेलो. अरुंधतीनं फिरून सगळं पाहिलं. खिडक्या उघडल्या, लावल्या. स्वयंपाकाच्या ओट्याखालचे खण ओढले. मग बैठकीच्या खोलीत मधोमध उभी राहून तिनं वर पाहिलं आणि कोपऱ्यातल्या झाडूचा दांडा उलटा करून छतावर ठोकला.

ढब.

पिंप वाजवल्यासारखा आवाज आला. तिनं आणखी दोन ठिकाणी ठोकलं. ढब. ढब. मी समजलो. मुकुंद समजला नाही.

"इथे बंगई टांगायची आहे," ती म्हणाली.

"मॅडम, हे सीलिंग पंख्याचं वजन घेतं."

"माणसाचं?"

मुकुंदनं पहिल्यांदाच घाम पुसला. "पॉसिबल आहे मॅडम. पण मग वरची फ्रेम बदलावी लागेल. डिझाइन पुन्हा. दोन महिने. आणि..."

"चार्जेबल आहे," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी दोन-तीनदा गाडीतून बाहेरच्या गोदामांविषयी माहितीपर बोललो. घरी आल्यावर तिनं दिवाणाखालून पोतं ओढलं, चिंच भिजत घातली आणि पितळेच्या कड्या घासायला बसली. तेवढ्यात रुपरावजींचा फोन आला. वास्तूचा मुहूर्त ठरला होता. ते येणार होते.

"टांगणार न वं?" फोनमधून मलाही ऐकू आलं.

अरुंधतीनं हातातल्या कडीकडे पाहिलं. "हो बाबा," ती म्हणाली. "टांगणार."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कुठे?"

"ते तुम्ही पाहा. अर्थशास्त्र तुमचं आहे."

मुहूर्त सकाळी अकराचा होता. क्रेन आठलाच येऊन प्लॉटवर उभी राहिली. पिवळी, उंच, पाळीनं भाड्याची: आठ ते चार, त्यानंतर दुप्पट दर. तिच्या दोरखंडाला एक आडवी लोखंडी तुळई लटकत होती, दोन्ही टोकांना हुक. याच हुकांनी आमचं घर उचलायचं होतं. ओट्यावर रांगोळी होती. भटजी होते. बाबाराव आमंत्रणाच्या तासभर आधी हजर होते. रुपरावजी धुतलेलं धोतर नेसून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि रस्त्याकडे पाहत होते. शेजारी चादरीत गुंडाळलेली फळी आणि पोतं. ते अरुंधतीनं टेम्पोत स्वतःच्या मांडीपाशी ठेवून आणलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

सगळं होतं. घर नव्हतं.

साडेनऊला मुकुंदचा फोन आला. "सर, आपण वाडीला आहोत."

"मग या."

"नो एन्ट्री लागली सर. पोलीस सोडत नाहीत. बोलता का?"

पोलिसाचा आवाज आला. "ट्रेलरवर काय आहे?"

"घर."

"घरात काय आहे?"

"काही नाही."

"रिकामं घर फिरवून राहिले?"

मी सांगायचा प्रयत्न केला, पण तो फोन मुकुंदकडे देऊन दुसऱ्या ट्रकमागे गेला होता. त्यानंतर दर अर्ध्या तासाला मुकुंद बातम्या देत होता. ट्रेलर दोन मालट्रकांच्या मध्ये अडकला. एका ड्रायव्हरनं आमच्या पायरीवर डबा खाल्ला. आणि एक माणूस येऊन घर आतून पाहून गेला, भाडं विचारून गेला. "तो म्हणाला, पाणी किती वेळ येतं?" मुकुंद म्हणाला. "काय सांगू सर?" घराला आमच्याआधी भाडेकरू मिळाला होता.

अकरा वाजले. भटजींनी नारळ हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. "प्रवेश कुठे करायचा?"

ओट्यावर विटा मांडून दूध उतू घातलं, दार नाही म्हणून कल्पनेतच तोरण बांधलं आणि आम्ही उभयतांनी उजवं पाऊल पुढे टाकून हवेत प्रवेश केला. बाबारावांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं, तर त्यांचा चेहरा गंभीर होता. माझा स्वाभिमान त्यानं जास्त दुखावला.

जेवणं झाली. दोन वाजले. ऊन वाढलं. रुपरावजी खुर्चीवर अवघडून बसले होते. खुर्चीला हात नव्हते आणि त्यांना टेकायला काही नव्हतं. अरुंधती त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली.

"बाबा, त्या घराला कडी लागत नाही."

"म्हंजे?"

"छत पोकळ आहे. बंगई नाही धरत. मी खोटं बोलली तुमच्याशी."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. छत नव्हतंच. पण सवय. वर पाहिल्यावर त्यांना ती लोखंडी तुळई दिसली. दोन हुक. वाऱ्यानं जरा हलत होते.

"हे किती वजन धरते, जवाईबापू?" त्यांनी मला विचारलं.

"अकरा टन तर नक्कीच."

"मी साठ किलोचा हाओ," रुपरावजी म्हणाले.

क्रेनचालक आधी नाहीच म्हणाला. माणूस टांगता येत नाही, नियम आहे. अरुंधतीनं त्याला समजावलं की माणूस टांगायचा नाही, फळी टांगायची आहे, माणूस तिच्यावर आपल्या मर्जीनं बसेल. इंजिन बंद कर, तुळई पुरुषभर उंचीवर आणून ठेव, बस. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग चमकणाऱ्या कड्यांकडे पाहिलं. त्याच्याही गावी बंगई असावी. तुळई खाली आली. कड्या हुकांत गेल्या, थोड्या आखूड करून बांधाव्या लागल्या. चादर सुटली आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ती फळी नीट पाहिली. फळी लांबरुंद होती आणि कडेला कोरलेली वेल होती.

रुपरावजींनी जोडे काढले, फळीवर हात फिरवला आणि बसले. मग पायानं जमीन ढकलली.

कर्रर्र, असा आवाज आला. अरुंधतीनं तोंडाला पदर लावला.

बाबाराव दोनदा प्रदक्षिणा घालून आले. फळी दाबून पाहिली. "जबरदस्त चीज आहे गा ही," ते मला म्हणाले. "काहून नाही टांगली आमच्या घरी?"

अरुंधतीनं त्यांच्याकडे पाहिलं. मी तिचा नवरा आहे म्हणून सांगतो, ती नजर बाबारावांना चार्जेबल होती.

चारला दहा मिनिटं असताना रस्त्यावर हॉर्न वाजला. वळणावरून आमचं घर आलं. खरं सांगतो, सगळा राग विसरून मी पाहतच राहिलो. बाभळींच्या वरून घराचं छप्पर संथपणे सरकत येत होतं, खिडक्यांत आकाश दिसत होतं, आणि पायरीवर मुकुंद बसला होता, स्वतःच्या अंगणात बसावं तसा. आयुष्यभर माणसं घराकडे जातात. घर माणसाकडे येताना मी प्रथमच पाहत होतो.

क्रेनचालक उठला. "बाबाजी, उतरा. घर टांगायचं आहे."

रुपरावजींनी मान वळवून ट्रेलरकडे पाहिलं. "थांब ना गा. ते कुठं पळून राहिलं?"

"चारनंतर डबल लागते," चालकानं मला सांगितलं.

"बाबा," अरुंधती म्हणाली, "घर आलं."

"पाहिलं न. चांगलं आहे." एक झोका. "याले कडी लागत नाही न?"

"नाही."

"मग कायले आणलं?"

अरुंधतीनं घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सामान ठेवायला," ती म्हणाली. "बंगईचे खांब इथे गाडू, अंगणात. वर पत्रे टाकू. तुम्ही दिवाळीला या."

"मले काय, मी आत्ताच बसलो आहो," रुपरावजी म्हणाले आणि थोडे बाजूला सरकले. तीही बसली. दोघांचे पाय एकदम जमिनीला लागले.

चालकानं घड्याळ पाहिलं. मुकुंद ट्रेलरवरून उतरून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात वाडीच्या दिवसभराच्या थांब्याचं बिल होतं. पत्र्यांचा विषय त्याच्या कानावर गेला असावा, कारण त्यानं अंगणाकडे बोट करून तोंड उघडलं. मी हातानंच त्याला थांबवलं. अकरा टनांचं घर रस्त्यावर उभं होतं, क्रेन उभी होती, दुप्पट दर सुरू झाला होता, आणि हे सगळं साठ किलोंसाठी खोळंबलं होतं.

बाबाराव माझ्याजवळ सरकले. "सर," ते हळूच म्हणाले, "हे धरून, शेवटी, कितीले पडलं?"

"दम धरा," मी म्हणालो. "अजून झोके चालू आहेत."